नानांच्या डब्यातली पिठी

एक गोष्ट माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेली नाही. सुहासपाशी नाही — आणि तो माझा नवरा, त्याच्यापासून लपवावं असं माझ्याकडे एरवी काही नसतं. माझ्या पर्समध्ये चिंचेच्या गोळ्या कोणत्या कप्प्यात आहेत तेही त्याला ठाऊक. लेकीपाशी, ईशापाशीही नाही. माहेरी तर नाहीच नाही. तुम्ही अनोळखी, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. लिहायला बसले तर तसं काही दिसत नाही. मघाशी उठून गॅस बंद आहे का ते बघून आले. बंदच होता.

गोष्ट मुंग्यांची आहे. हसू आलं असेल तर येऊ द्या. बागेतल्या मुंग्यांचा बंदोबस्त कुणी केलेला नाही? ज्याच्या दारात चार झाडं आहेत त्यानं कधी ना कधी मुंग्यांवर काहीतरी ओतलेलंच असतं. मग यात इतकी वर्षं मनात धरून बसण्यासारखं काय आहे? सांगते. पण त्याआधी नाना सांगायला हवेत. नाना म्हणजे माझे सासरे. त्यांना वगळून ही गोष्ट सांगता येत नाही — आणि खरं सांगू का, त्यांच्याबद्दल बोलायला मला आवडतं.

नाना रेल्वेत गार्ड होते, मनमाडला. सगळी नोकरी तिथं, सगळा संसार रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, आणि मनमाडला पाण्याची कायमची बोंब. टँकरपुढं उभं राहून आणलेला हंडा झाडाच्या मुळाशी ओतायचा म्हणजे शेजारणी बोलणं सोडतील. दारात एक कडुनिंब होता, तोही कुणी लावलेला नव्हता, आपसूक आलेला. अशा माणसाला निवृत्तीनंतर पाण्याची जागा मिळाली तर तो काय करील? नानांनी नाशकात मखमलाबादच्या पुढं, पाटाच्या कडेला प्लॉट घेतला, लहानसं घर बांधलं आणि उरलेल्या जागेत झाडं लावत सुटले. केशर आंबा, चिकू, पेरू, सीताफळ, लिंबू, आवळा, जांभूळ, फणस, शेवगा — दोन झाडांत अंतर किती ठेवायचं, हा विचारच नाही. उपाशी माणसानं पंगतीत बसल्या बसल्या सगळंच वाढून घ्यावं तसं. झाडं मोठी झाली तशी फांदीला फांदी लागली आणि अंगणात भर दुपारीसुद्धा ऊन उतरेना.

शिवाय झाडांना त्यांनी स्टेशनांची नावं दिलेली. मोठा आंबा म्हणजे भुसावळ. चिकू लासलगाव, पेरू निफाड, कोपऱ्यातलं सीताफळ अंकाई. मी लग्न होऊन आले त्या पहिल्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "मंगल, निफाडला पाणी सोडलंस का?" माझं माहेर दिंडोरी तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग. मला वाटलं, निफाडच्या कुणा पाहुण्यांच्या बागेचं विचारतायत. मी म्हटलं, "फोन करून विचारते." ते इतके हसले की ठसका लागला, आणि माझी या घरातली भीती तिथंच संपली.

मुंग्यांना घालायचं हे मूळ माईंचं, माझ्या सासूबाईंचं. तांदळाची पिठी आणि साखर एकत्र करून त्या एका छोट्या स्टीलच्या डब्यात भरून ठेवायच्या. आंघोळ झाली की चहाच्या आधी मुंग्यांच्या बिळांपाशी चिमूट चिमूट टाकायच्या. मनमाडला त्या कडुनिंबाखाली, इथं आल्यावर आंबा, चिकू आणि पेरूखाली. नाना त्यांना चिडवायचे. देवापुढं हात जोडणंसुद्धा त्यांच्या स्वभावात नव्हतं. "झाली का तुझ्या पॅसेंजरांची नाष्ट्याची सोय?" असं म्हणायचे. माई पदर खोचायच्या आणि वाकायच्या.

शेवटच्या दुखण्यात माईंनी नानांकडे एकच गोष्ट मागितली. मुंग्यांना तुमच्या हातानं घालत जा, दुसऱ्या कुणावर टाकू नका. मी तिथंच उभी होते, मोसंबीचा रस घेऊन. तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आंघोळीचा पंचा गुंडाळलेल्या अंगानंच डबा घेऊन बागेत गेले. ज्या माणसानं आयुष्यात उदबत्ती लावली नव्हती, तो गुडघ्यावर हात टेकून वाकला आणि त्यानं आंब्याखाली पिठी टाकली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. मला रडू आवरेना.

पुढं पुढं ते तिथं बोलायला लागले. मुंग्यांशी — म्हणजे माईंशीच. घरातलं सगळं सांगायचे. सुहासची बदली टळली, ईशाचा दात पडला. आणि माझ्या तक्रारी. "कालची भाजी खारट होती, पण मी काही बोललो नाही" — हे खिडकीखाली उभं राहून, मला नीट ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मग मीही आतून म्हणायची, "माई, त्यांना विचारा, खारट होती तर दोनदा का घेतली?" असं आमचं तिघांचं चालायचं. ते दिवस मला फार आवडायचे. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की माझ्या मनात त्यांच्याबद्दल काही आकस होता. नव्हता. माझा त्यांच्यावर जीव होता. मग केलं कशासाठी? तिथवर यायलाच मला वेळ लागतोय.

मुंग्या वाढल्या, हे खरंच. झाडं एकमेकांत गुंतलेली, खाली पाला, ओल, आणि रोजची मेजवानी — त्यांनी दुसरीकडे कशाला जावं? त्या कपड्यांच्या तारेवर, ईशाच्या दप्तरात, गाद्यांच्या शिवणीत. साखरेचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवला तर ताटलीही ओलांडून जायच्या. पण खरा त्रास झाडांना होता. चिकूवर आणि पेरूवर मिलीबग आला होता. कापसाच्या बारीक गोळ्यांसारखा पांढरा किडा. तो झाडाचा रस शोषतो आणि गोड चिकटा सोडतो. तो चिकटा मुंग्यांना आवडतो, म्हणून त्या त्याची राखण करतात, त्याला खाणाऱ्या दुसऱ्या किड्यांना जवळ फिरकू देत नाहीत. मला हे शाळेत जाण्याआधीपासून माहीत आहे. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, ते बागेत फिरताना आधी वेलीकडं बघायचेच नाहीत, खोडाकडं बघायचे. "मुंगी खोडावर चढाया लागली का मिलीबग आलाच म्हनायचा," म्हणायचे. आणि इथं माझ्या सासरी मुंग्यांना साखर घालत होते. दादांना हे मी कधी सांगितलं नव्हतं.

मी सुरुवात सरळ केली होती. भिंतीला टेकलेल्या, एकमेकींत गेलेल्या फांद्या छाटून घेतल्या. पानांवर साबणाचं पाणी मारलं. खोडांना कापडाच्या पट्ट्या गुंडाळून त्यांवर ग्रीस लावलं, म्हणजे मुंग्या वर चढणार नाहीत. ग्रीस लावताना नाना शेजारी येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता नको म्हणतील. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "हरकत नाही. वर जायचं तिकीट नाही, खाली जेवण आहे. माईला चालेल." आणि स्वतः ग्रीसचा डबा धरून माझ्याबरोबर झाडाझाडाशी फिरले. बनियनला काळे डाग पडले, तेही त्यांनी हौसेनं मिरवले.

आणि गुण येत होता. हे मला आज लिहायलाच हवं. गुण येत होता, फक्त हळूहळू. चिकूची नवी पालवी स्वच्छ निघाली होती. अजून थोडा धीर धरला असता, एक पावसाळा जाऊ दिला असता, तर बाग ताळ्यावर आली असती आणि खाली नानांच्या मुंग्याही राहिल्या असत्या. मी थांबले नाही.

का? तर दादा येणार होते. मे महिन्यात, आमच्या झाडाच्या आंब्यांचा रस खायला. दादांची बाग परदेशी माल पाठवणारी; एका मण्यावर डाग दिसला तर ते घडाकडं पाठ फिरवतात. माझं लग्न ठरत होतं तेव्हा ते घरात म्हणाले होते, रेल्वेवाल्याला झाडातलं काय कळतंय. आता ते येणार, चिकूचं पान उलटं करणार, त्याखालचा मिलीबग बघणार आणि च्यक् करणार — आणि तेही नानांसमोर. मला नानांची लाज राखायची होती का? बरीच वर्षं मी स्वतःला तेच सांगत आले. पण नाही हो. द्राक्षवाल्याच्या मुलीची बाग म्हणून मला मिरवायचं होतं. नाक माझं होतं.

दादा बागेत बोरिक पावडर साखरेच्या पाकात कालवून जागोजागी ठेवतात. मुंगी ते बिळात नेते, सगळ्यांना भरवते, आणि हळूहळू सगळं वारूळ संपतं. मीही बाटल्यांच्या झाकणांत तसा पाक करून खोडांशी ठेवला. मुंग्या त्याच्याकडं फारशा वळल्या नाहीत. कशाला वळतील? तिथंच नानांची ताजी पिठी होती. एका दुपारी नाना जेवून आडवे झाले होते. मी फळीवरून त्यांचा डबा खाली घेतला. बोरिक पावडर म्हणजे कॅरमवर टाकतात तीच; नाना कॅरमचे शौकीन, त्यांच्या बोर्डाशेजारी डबी असायचीच. म्हणजे पावडरही त्यांचीच. मी ती बेतानं मिसळली — जास्त पडली तर मुंगी तोंड लावत नाही, हे मला माहीत होतं. पिठी पांढरी, साखर पांढरी, पावडर पांढरी. झाकण लावलं. डबा होता तिथं ठेवला. आतल्या खोलीतून त्यांच्या घोरण्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ती आपल्या हातानं मुंग्यांना घातली, आणि माईंना सांगितलं की आज हवा छान आहे.

पण डबा ते स्वतः भरायचे. म्हणजे दोन-तीन दिवसांत नवी, शुद्ध पिठी आली असती. म्हणून मी त्यांना म्हटलं, "नाना, डबा आता मी भरून ठेवत जाईन." ते माझ्याकडं बघतच राहिले. पेरूखाली गेले आणि मला ऐकू आलं — "मंगलला पटलं बरं का माई." दिवसभर त्यांचा पाय जमिनीवर नव्हता. माझ्या नणंदेला फोन, सुहासच्या मामांना फोन, मनमाडला देवरेकाकांना फोन. देवरेकाका म्हणजे त्यांच्याबरोबरचे जुने गार्ड, जिवाभावाचे. त्यांनी फोनवर मला मागून घेतलं आणि म्हणाले, "सूनबाई, नाना लय खूश हाय तुमच्यावर." मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, त्यात काय काका.

आणि त्यांचे हात. मला भीती वाटायची, त्याच हातानं ते बिस्कीट खातील. म्हणून ते बागेतून आले की मी दारातच पाण्याचा मग आणि साबण घेऊन उभी. आधी हात धुवा, मग चहा. तेही त्यांनी सगळीकडं कौतुकानं सांगितलं, सूनबाईचं आपल्यावर किती लक्ष आहे म्हणून. मी हसून ऐकायचे. तेव्हा मनात काही टोचायचं का? टोचायचं. पण चिकूची पानं दिवसेंदिवस साफ होत होती, आणि मला ती बघायला आवडत होतं.

मग देवरेकाकांच्या मुलीचं लग्न आलं. एरवी नाना महिन्या-दोन महिन्यांनी मनमाडला जायचे. सकाळी मुंग्यांना घालून निघायचे, देवरेकाकांच्या ओसरीवर कॅरम, शेवभाजी, जुन्या मंडळींशी गप्पा, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. मुक्काम कधी नाही. पण हळद आणि लग्न म्हणजे दोन रात्री राहणं आलं. ते घुटमळत होते. मीच म्हटलं, "जा नाना. मी घालते ना मुंग्यांना." त्यांची बॅग मी भरली. मला बाग मोकळी हवी होती. नाना तीनच झाडांखाली घालायचे. त्या दोन दिवसांत मी शोधून शोधून प्रत्येक झाडाखाली, प्रत्येक बिळापाशी, कुंपणाच्या दगडांतसुद्धा घातलं.

ते परत आले तेव्हा लग्नातला एक बुंदीचा लाडू कागदात वेगळा बांधून आणला होता. मुंग्यांसाठी. हातपाय धुतले आणि आंब्याखाली जाऊन चुरला. चारदोन मुंग्या आल्या, त्याही रेंगाळत. आठवड्याभरात एकही दिसेना. पिठी टाकली तशी पडून राहायची, वाऱ्यानं पसरायची. "गावाला गेल्यात वाटतं सगळ्या," असं पहिल्यांदा ते गमतीनं म्हणाले. नंतर गमतीनं म्हणणं बंद झालं.

दादा आले. बागभर फिरले, पानं उलटी करून बघितली, खोडांवर हात फिरवला. "लय निर्मळ ठेवली," एवढंच म्हणाले, पण दादांच्या तोंडून एवढं म्हणजे फार झालं. मी फुगले. नाना त्यांना म्हणाले, सगळं मंगलनं केलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. पंगत बसली, रस वाढला, आणि नाना जागेवर नाहीत. मी बघायला गेले. ते आंब्याखाली डबा घेऊन उभे होते. मी म्हटलं, चला, दादा खोळंबलेत. ते आले, जेवले, दादांना आग्रह केला, सगळं केलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, मी ओट्याशी डाळ निवडत होते, आणि ते खुर्ची ओढून माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "मंगल, मी जायला नको होतं." मला कळलंच नाही, कुठं. "माईनं सांगितलं होतं, तुमच्या हातानं घाला. मी लग्नाला गेलो. दोन रात्री राहिलो. वरातीत नाचलो पण." मग म्हणाले, "ती रागावली ना?"

आता सांगते. इतका वेळ ज्याच्याभोवती फिरतेय ते हे. मुंग्या मारल्या हे नव्हे — त्या मी पुन्हाही मारीन, कदाचित. डब्यात पावडर घातली हेही नव्हे, निदान तेवढंच नव्हे. तो माणूस माझ्यासमोर बसून माझी चूक स्वतःच्या माथ्यावर घेत होता, आणि माझ्या तोंडून एकच वाक्य निघायला हवं होतं. नाना, तुमच्यामुळं नाही. एवढंच. पुढचं सगळं नंतर सांगता आलं असतं. मी डाळीतला खडा बाजूला केला आणि म्हटलं, "असेल नाना. पण माई किती दिवस रागावतील?"

असेल, म्हणाले मी. किती प्रेमानं म्हणाले. त्यांना बरं वाटावं म्हणून त्यांच्या खांद्यावर हातसुद्धा ठेवला. त्यांनी मान हलवली आणि माझा हात थोपटला.

त्याच दिवशी मी डबा उकळत्या पाण्यानं घासला, नवी पिठी भरली, चांगली साखर घातली. पावडर पुन्हा कधी घातली नाही. पण मुंग्या काय, बोलावलं की येतात? उरलेला उन्हाळा आणि अर्धा पावसाळा नाना रिकाम्या बिळांपाशी पिठी टाकत होते. बोलणं बंद झालं होतं त्यांचं तिथं. भाजी खारट झाली तरी खिडकीखाली कुणी तक्रार करीना. मी एकदा मुद्दाम मीठ जास्त घातलं. ते गप जेवले.

गणपतीच्या सुमाराला पेरूपाशी एक बारीक रांग दिसली. नानांनी मला हाक मारली, हाताला धरून तिथं नेलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "माफ केलं बघ तिनं," म्हणाले. सायंकाळी कॉलनीत पेढे वाटले. कशाचे, ते कुणाला सांगितलं नाही. नातीला चांगले मार्क पडले म्हणाले. मलाही पेढा दिला. मी खाल्ला.

इथं गोष्ट संपली असती तर मी ती विसरले असते, असं मला वाटतं. पण नाना त्यानंतर मनमाडला गेले नाहीत. एकदाही नाही. मी म्हणायची, सकाळी घालून जा, संध्याकाळी या, पूर्वी जायचात तसे. तर म्हणायचे, "आणि गाडी लेट झाली तर? मी रेल्वेवाला आहे, मला सांगू नकोस." मित्रांचे फोन यायचे. आज गुडघा, उद्या सर्दी, परवा घरी पाहुणे. खरं कारण त्यांनी त्यांना सांगितलंच नाही. देवाचं नाव न घेणारा गार्ड मुंग्यांसाठी घरी बसतो, हे ऐकून ती मंडळी हसतील म्हणून लाजायचे. हळूहळू फोन कमी झाले. नाना घरातच कॅरम मांडायचे, कधी ईशाशी, कधी एकटेच दोन्ही बाजूंनी. मी कामं टाकून त्यांच्याशी खेळायला बसायचे. मला अजिबात येत नाही. ते मला मुद्दाम जिंकू द्यायचे.

मनमाडच्या मित्रांतले एक वारले. नाना मातीलासुद्धा गेले नाहीत. तो सगळा दिवस आंब्याखाली खुर्ची टाकून बसून होते. मी चहा घेऊन गेले, तेव्हाही सांगता आलं असतं. त्या दिवशी तरी. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले, कप परत घेतला आणि आत आले. का नाही सांगितलं? ते माझ्याकडं ज्या मायेनं बघायचे, ते बघणं गेलं असतं. ते मला सोडवेना. त्यांचे मित्र गेले तरी चालतील, माझं कौतुक जायला नको — इतक्या स्पष्ट शब्दांत मी तेव्हा विचार केला नव्हता, पण वागले तशीच, आणि वर्षानुवर्षं वागले.

दोन वर्षांपूर्वी नाना गेले. हाल झाले नाहीत. दवाखान्यात शेवटच्या दिवशी त्यांनी सुहासला, ईशाला काय काय सांगितलं, आणि मला म्हणाले, "तुला काही सांगायची गरज नाही. तुझ्यावर माझा पूर्ण भरवसा आहे." मी त्यांचं पांघरूण नीट केलं.

तेराव्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी देवरेकाका आले. एकटेच, काठी टेकत, नाशिकरोडला उतरून रिक्षानं. फोटोला नमस्कार केला, बागेत खुर्ची टाकून मागितली. सुहास कंपनीत गेलेला, घरी मीच. मी चहा दिला. ते बराच वेळ झाडं बघत होते. मग म्हणाले, "सूनबाई, एक इचारू का? खरं सांगायचं मात्र." मी म्हटलं, विचारा ना काका.

"नाना येईना का झाला वो? माझ्या पोरीच्या लग्नाला आला, तो शेवटचा. आम्ही दोघं नवरा-बायको लय इचार करत बसायचो. मंग हिच्या ध्यानात आलं, का मांडवात समद्यांना मानाची टॉवेल-टोपी दिली, आन् नानाचीच राहून गेली. गर्दी लय होती. घरचाच मानूस, त्याला मागून देऊ म्हनलं, आन् तो दुसऱ्या दिवशी निघूनच आला. त्याचा राग धरला ना त्यानं?"

कप माझ्या हातात होता. घरात दुसरं कुणी नव्हतं. मला कुणी अडवलं नव्हतं.

मी म्हटलं, "नाही हो काका. गुडघे दुखायचे त्यांचे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. पटलं नाही, हे मला दिसलं. "असंल," म्हणाले. मग पिशवीतून एक कोरा टॉवेल आणि पांढरी टोपी काढली, आत गेले, आणि दोन्ही नानांच्या फोटोपुढं ठेवून हात जोडले. ओठ हलत होते. काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण माफी मागत होते एवढं कळलं. मी दारात उभी राहून ते बघितलं आणि त्यांना माफी मागू दिली.

टॉवेल-टोपी माझ्या कपाटात आहे. देवरेकाका मनमाडला आहेत, आता फारसे कुठं जात नाहीत असं कळतं. माझ्याकडं त्यांचा नंबर आहे. मी फोन केलेला नाही.